आवाज किती लांब जातो

“ही? ही तर मी एका हातानं धरून कुंपण छाटीन,” असं म्हणून वरच्यानं, लोक त्याला याच नावानं हाक मारायचे, दुकानातल्या मांडणीवरची सगळ्यात मोठी चेनसॉ खरोखरच एका हातानं उचलली आणि डोक्याच्याही वर नेऊन धरली.

दुकानवालीनं मान वर केली नाही. ती एका पाण्याच्या पंपाच्या पोटात स्क्रू-ड्रायव्हर घालून बसली होती.

“ते नुसतं कवच आहे काका. दाखवायला ठेवलंय. इंजिन नाही त्याच्यात.”

वरच्यानं हात जरा वेळ तसाच वर ठेवला. लगेच खाली घेतला असता तर फजिती झाली असं दिसलं असतं.

“खालून कशी दिसते ते बघत होतो,” तो म्हणाला. “कुठलीही वस्तू खालून बघावी लागते.”

“बघा की. आणि ही घ्या खरी.”

तिनं काउंटरखालून तेवढीच दुसरी काढून त्याच्या दोन्ही हातांत ठेवली. वरच्याचे गुडघे आपोआप वाकले. नमस्काराला वाकावं तसा तो वाकला आणि वाकलेलाच राहिला. शेवटी तिनंच ती परत घेतली.

“बजेट काय तुमचं?”

“बजेटचं सोडा. ताकद बोला.”

“ताकद बजेटवरच असते काका.”

वरच्यानं चष्म्याच्या डबीतल्या घडी घातलेल्या नोटा काढल्या, चष्मा मात्र नाकावरच होता, आणि आकडा असा हळू सांगितला की तिला तो दोनदा विचारावा लागला. दुसऱ्यांदा ऐकल्यावर तिनं खरी चेनसॉ काउंटरखाली परत ठेवली आणि त्याला मागच्या फळीकडे नेलं.

“ही बघा. विजेवर चालते.”

“वायर किती लांब?”

“या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.”

“मला झाड कापायचंय. स्टूल नाही.”

“मग ही बॅटरीवरची. हलकी आहे. आणि आवाज अजिबात नाही. शेजारी कापत बसलात तरी कोणाला पत्ता लागत नाही.”

“मग घ्यायची कशाला?” वरचा म्हणाला.

दुकानवालीनं पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं. पासष्टीचा माणूस, खांदे बैलासारखे, शर्टाची बटणं एक घर चुकलेली. चुकलं आहे हे सांगणारं घरात कोणी नसलं की बटणं दिवसभर तशीच राहतात.

“पेट्रोलवरची आवाज करते,” ती म्हणाली.

“किती लांब जातो?”

“काय?”

“आवाज. समजा, शाळेच्या मैदानात लावली. रस्त्याच्या पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर एक माणूस बसलाय. खिडकी लावून. त्याला ऐकू जाईल का?”

“तक्रार येईल का, असं विचारताय?”

“तक्रार आली तरी चालेल,” वरचा म्हणाला.

त्यावर ती आत गेली आणि एक चीज घेऊन आली. अंग नारिंगी, इंजिन राखाडी, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. दोन मेलेल्या मशीनमधून तिनं स्वतः एक जिवंत केली होती. दिसायला अवतार होता, पण ताकदीला त्या काउंटरखालचीच्या मावसबहिणीसारखी. तिनं दुकानाच्या मागच्या बोळात नेऊन दोरी ओढली. बोळातली तीन कुत्री एकाच दिशेनं निघून गेली. वरच्याच्या चेहऱ्यावर लहान पोराचं हसू आलं.

“हीच,” तो ओरडला. तिनं मशीन बंद केलं तरी तो ओरडतच होता. “हीच द्या.”

“चेन नवी घ्यावी लागेल. आणि हातमोजे, डोळ्याला गॉगल.”

“चेन द्या. बाकीचं बजेटात बसत नाही.”

“गॉगल तरी घ्या काका. भुसा जातो डोळ्यात.”

“सव्वीस वर्षं लाकूड कापलंय मी,” वरचा म्हणाला. “एक कण गेला नाही डोळ्यात. विचारा कोणालाही.”

“चेन बसवून देऊ?”

“बाई गं, सव्वीस वर्षं दात माझ्या नाकासमोर होते. दात कुठल्या बाजूला तोंड करून असतात ते मला झोपेत कळतं.”

“बरं. जोडीला कोण आहे? पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलंय, एकट्यानं चालवू नये. हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर दुसरा माणूस पाहिजे.”

वरच्यानं चेनची छोटी खोकी खिशात घातली.

“आहे एक,” तो म्हणाला. “खाली असतो.”

तिला वाटलं, खालच्या मजल्यावर राहत असेल.

खालचा खालच्या मजल्यावर राहत नव्हता. तो सव्वीस वर्षं वखारीतल्या खड्ड्यात राहत होता, म्हणजे कामाच्या वेळी. ओंडका खड्ड्यावर आडवा टाकायचा, माणसाएवढी लांब करवत उभी धरायची, तिची एक मूठ वर ओंडक्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात आणि दुसरी खाली खड्ड्यात उभ्या असलेल्याच्या हातात. वरचा “हां” म्हणायचा, खालचा “हूं” म्हणायचा, आणि करवत खाली जायची. हां, हूं. हां, हूं. संध्याकाळपर्यंत ओंडक्याच्या फळ्या व्हायच्या. दोघांची खरी नावं वखारीत कोणाला आठवत नव्हती. पोस्टमन विचारायचा, “वरचे आहेत का?” आणि वखारवाला सांगायचा, “वरच आहेत.”

कामाची वाटणी सरळ होती. ओंडक्यावर दोरीनं रेघ मारणं, रेघेवर नजर ठेवणं, गिऱ्हाइकाशी बोलणं आणि फळी सरळ निघाली की शाबासकी घेणं, हे वरच्याकडे. चिरेत पाचर ठोकणं, करवतीला धार लावणं आणि दिवसभर डोळे पुसणं, हे खालच्याकडे. सगळा भुसा खालीच पडतो. भुशाला तेवढंच कळतं.

मग वखारवाल्यानं लाकूड चिरणारं पट्ट्याचं मशीन आणलं आणि दोघांना निरोप दिला. निरोप चांगला दिला. चहा होता, खुर्च्या होत्या, आणि दोघांनी दोन शब्द बोलावेत असा आग्रह होता. खालचा उठला, “बरं झालं,” म्हणाला आणि बसला. दोन म्हणजे दोनच शब्द. वरच्याला मात्र उभं राहिल्यावर सगळे आपल्याकडे बघतायत याची गंमत वाटली. तो बोलत सुटला. रेघेवर बोलला, नजरेवर बोलला, आणि शेवटी म्हणाला, “खरं काम वर असतं मंडळी. खाली काय, भोपळा उभा केला असता तरी फळ्या निघाल्या असत्या.”

लोक पोट धरून हसले. खालचाही हसला. हसून त्यानं डोळे पुसले. पण तो डोळे नेहमीच पुसायचा, त्यामुळे कोणाच्या काही लक्षात आलं नाही. वखारवाल्यानं जुनी करवत दोघांना मिळून भेट दिली. ती खालच्यानं पोत्यात गुंडाळून खांद्यावर टाकली. वरच्यानं रेघेची दोरी खिशात घातली. फाटकापाशी खालचा म्हणाला, “येतो,” आणि आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, आणि नंतरचे सात महिनेही नाही.

वरचा पुलाच्या कठड्यावर, दोघांच्या बसायच्या जागेवर, रोज जाऊन बसायचा. येईल की, जातो कुठे. स्वतः उठून त्याच्याकडे जाणं काही अवघड नव्हतं. खालचा मुलीकडे राहायचा, शाळेसमोर, दुसऱ्या मजल्यावर. पण जाऊन म्हणायचं काय? भोपळ्याबद्दल काही बोलावं, तर भोपळा लागला होता हे कबूल केल्यासारखं. न बोलावं, तर मग गेलोच कशाला. अशा पेचात सात महिने गेले. वरच्याच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. दुसरीवर आता पिठाचा डबा बसायचा. सकाळी पाण्याची बादली उचलताना तो सवयीनं “हां” म्हणायचा आणि बादली हातात धरून क्षणभर थांबायचा.

एका वादळात शाळेतलं झाड मुळासकट पडलं. शाळेनं पाण्याच्या टाकीसाठी तीन वर्षांपूर्वी एक लांबलचक खड्डा खणून ठेवला होता. टाकी काही आली नाही, झाड मात्र आलं. ते बरोबर त्या खड्ड्याच्या लांबीवर आडवं पडलं, खाटेवर माणूस पडावा तसं. शाळेच्या मोठ्या बाईंना फांद्या तोडून झाल्यावर उरलेलं खोड लांबीत चिरून दोन बाकं करून हवी होती, सोमवारी शाळा उघडायच्या आत.

वरच्यानं तो खड्डा बघितला. मग मान वळवून रस्त्यापलीकडची दुसऱ्या मजल्याची खिडकी बघितली.

“तुमच्या जोडीला कोणी?” बाईंनी विचारलं.

“एकटा पुरे आहे,” तो म्हणाला. “आता जोडीचे दिवस गेले.”

शनिवारी सकाळी मैदानात तो, चेनसॉ आणि शाळेचा शिपाई एवढेच होते. शिपायानं खुर्ची आणून सावलीत मांडली होती. सुट्टीत शाळा राखायची म्हणजे काहीतरी बघायला लागतं, आणि इतके दिवस बघायला नुसती शाळाच होती.

वरच्यानं आधी जुन्या दोरीनं खोडावर रेघ मारली. सणसणीत, सरळ. मग चेन काढली, मशीनच्या लांब पट्टीवर चढवली आणि पट्टीच्या खालच्या, कापणाऱ्या कडेचे दात निरखले. दात त्याच्यापासून लांब, पलीकडे तोंड करून बसले की त्याला बरं वाटलं. सव्वीस वर्षं ते तसेच बसले होते. त्यानं नट आवळला, मशीनची दोरी ओढली, आणि शाळेच्या छपरावरची कबुतरं एकदम उडाली.

आवाज खरोखर जबरदस्त होता. पट्टी खोडावर टेकली. भुसा उडेल म्हणून वरच्यानं मान मागे घेतली. भुसा उडाला नाही. धूर निघाला.

त्यानं जोर केला. धूरही जोरात निघाला. पाच मिनिटांनी पट्टी उचलून बघितलं, तर रेघेवर एक काळीभोर, गुळगुळीत खूण उमटली होती. खोड कापलं गेलं नव्हतं, चकाकत होतं.

“कापताय की इस्त्री करताय?” शिपायानं विचारलं.

“लाकूड ओलं आहे.”

“ओलं आहे तर पेटतंय कसं?”

वरच्यानं मशीन उचललं. पुन्हा टेकवलं. मधून मधून तो रस्त्यापलीकडच्या खिडकीकडे बघत होता. खिडकी बंद होती. गॅलरीत एक रिकामी खुर्ची आणि वाळत घातलेला एक टॉवेल. त्यानं इंजिन आणखी रेटलं. आता कापायचं आहे की ऐकवायचं आहे, याचा त्याला स्वतःलाच नीट पत्ता नव्हता. तास झाला. बाजूच्या घरातून एक बाई गच्चीवर येऊन कपडे घेऊन गेली. एक म्हातारा फाटकापाशी थांबला, धूर बघितला, नाकाला रुमाल लावून निघून गेला. टॉवेल हलला तो वाऱ्यानं.

“ती पट्टी निळी झाली,” शिपाई म्हणाला.

“रंगच तसा आहे.”

“सकाळी पांढरी होती.”

तेवढ्यात फाटकातून एक बाई आली. हात पिठाचे, पदरानं नाक धरलेलं. खालच्याची मुलगी. लहान असताना वखारीत डबा घेऊन यायची. एका डब्यात दोघं जेवायचे, आणि ती खोडाच्या साली गोळा करत बसायची. वरच्यानं मशीन बंद केलं. कानात एकदम पोकळी झाली.

“काका, बाबांचा निरोप आहे.”

“बोल.” त्यानं कपाळ पुसलं. कपाळावर काळा पट्टा उमटला. “आवाजाचा त्रास होतोय का त्याला?”

“नाही. ते म्हणाले, चेन उलटी घातलीय. काढून फिरवून घाला.”

शिपायानं खुर्ची जरा पुढे ओढली.

“त्याला काय दिसतंय तिथून?” वरचा म्हणाला. “खिडकी तर बंद आहे.”

“दिसत कुठे. ऐकून सांगितलं. तास झाला म्हणतायत, उलटी आहे, उलटी आहे. कोणीतरी जाऊन सांगा त्याला. शेवटी मीच आले, पोळ्या टाकून.” ती परत जायला वळली. “खालच्या कडेचे दात कापणाऱ्याकडे बघत असले पाहिजेत, असं म्हणाले.”

“खिडकी का बंद करून बसलाय?”

“धूळ चालत नाही ना. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, तीन महिने झाले.” ती थांबली. “तुम्हाला माहीत नव्हतं?”

“होतं की,” वरचा म्हणाला.

ती गेल्यावर त्यानं नट सोडला आणि चेन काढली. चेन अजून गरम होती, ती त्यानं या हातातून त्या हातात केली. मग खोडावर उभा राहिला. दोन्ही मुठी छातीशी धरल्या, करवतीची मूठ धरतात तशा, आणि वर उचलल्या. मग खाली जाऊ दिल्या. पुन्हा उचलल्या. तिसऱ्या वेळी तो मध्येच थांबला आणि खोडाच्या कडेवरून खाली, त्या रिकाम्या खड्ड्यात बघत राहिला. खड्ड्यात पालापाचोळा होता आणि कोणाचा तरी जुना चेंडू.

“कवायत झाली का?” शिपायानं विचारलं.

वरचा खाली बसला. चेन फिरवून बसवायला त्याला बराच वेळ लागला. बसवल्यावर दात त्याच्याकडे बघत होते. दात आपल्याकडे बघताना त्यानं कधी बघितलेच नव्हते, त्यामुळे जरा बिचकायलाच झालं. त्यानं दोरी ओढली. मशीन खोकलं. पुन्हा ओढली. खोकलंही नाही. तिसऱ्यांदा त्यानं सगळा जीव लावून ओढली, आणि दोरी मुठीसकट सबंधच्या सबंध बाहेर आली.

“दोरी आली,” शिपाई म्हणाला.

“दिसतंय मला.”

“मशीन आतच राहिलं.”

वरच्यानं मशीन शिपायाच्या खुर्चीखाली ठेवलं आणि फाटकाबाहेर पडला. रस्ता ओलांडताना एका सायकलवाल्यानं त्याला चुकवलं आणि दोन शब्द ऐकवले. जिन्यात एका मजल्यावर तो थांबला. दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर लक्षात आलं की दोरी आणि मूठ हातातच आहे. परत जायला ते एक कारण होतं. पण तेवढ्यात दार उघडलं, कारण दाराच्या आतल्याला जिन्यातली पावलं कळली होती.

खालच्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. तो जरा बारीक झाला होता. की खड्ड्याबाहेर उभा असलेला तो आपण नीट बघितलाच नव्हता, हे वरच्याला ठरवता येईना.

“दोरी तुटली?” खालच्यानं विचारलं.

“तुला कसं कळलं?”

“तीन झटके ऐकले. नंतर काही ऐकू आलं नाही. मग जिन्यात तुझे पाय.”

दोघं खोलीत बसले. खिडकी बंद होती, मैदानाचा धूर तरीही आत आला होता. मुलगी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती आणि लाटता लाटता अजिबात आवाज करत नव्हती.

“ऑपरेशन झालं म्हणे,” वरचा म्हणाला.

“झालं. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांपेक्षा आत लाकूडच जास्त आहे. एक स्टूल झालं असतं.”

वरचा हसला नाही. तो मुठीवरची दोरी गुंडाळत होता, सोडत होता, परत गुंडाळत होता.

“चेनचे दात माझ्याकडे हवे होते,” तो म्हणाला.

“हो. मशीनला तसंच असतं.”

“आणि आपल्या करवतीचे?”

खालच्यानं चष्मा नाकावर सारखा केला. “तिचे दात खाली असतात. तुला माहीत आहे की.”

“माहीत होतं. पण तसा विचार नव्हता केला.” दोरीची गाठ झाली. तो ती सोडवायला लागला. “म्हणजे तू ओढायचास, तेव्हा कापलं जायचं.”

“हं.”

“आणि मी ओढायचो, तेव्हा?”

“तेव्हा ती परत वर जायची,” खालचा म्हणाला. “कोणीतरी न्यायलाच लागते वर.”

लाटणं थांबलं होतं ते पुन्हा सुरू झालं.

“रेघ तूच बघायचास,” खालचा म्हणाला. “मला खालून रेघ दिसायची नाही. तुझ्या चपला दिसायच्या.”

वरच्यानं आपल्या चपलांकडे बघितलं. मग दाराच्या मागे बघितलं. तिथं पोत्यात गुंडाळलेली करवत उभी होती. पोतं नवं होतं.

“गंजली असेल आता,” तो म्हणाला.

“परवाच धार लावली.”

“या डोळ्यांनी?”

“दात बोटांना कळतात.”

“कशासाठी पण? काम कुठे होतं?”

 मुलीनं दोन पेले चहा आणून ठेवला आणि ती लगेच आत गेली. चहा पिऊन झाल्यावर खालच्यानं पेला उपडा घातला, वखारीत घालायचा तसा.

“भोपळा नाही मिळाला वाटतं,” तो म्हणाला.

“बघितला,” वरचा म्हणाला. “महाग झालेत.”

खालच्याच्या खांद्याला जरा हिसका बसला. तो हसला की नाही, हे काळ्या चष्म्यामुळे नक्की कळलं नाही.

“सोमवारी शाळा उघडतेय,” वरचा म्हणाला. “बाईंना सांगून बसलोय. येतोस?”

“डॉक्टरनी खाली उभं राहायला बंदी केलीय. भुसा अजिबात नको, म्हणालेत.”

“बरोबर आहे,” वरचा म्हणाला आणि उठला. दारापर्यंत गेला. दाराची कडी सरकवली, परत लावली. “वर उभं राहायला?”

“वरचं काही बोलले नाहीत.”

“मग?”

“मला रेघ नीट दिसायची नाही.”

“मी मारलेली आहे. काळी. एक तास घोटून काळी केलीय. आंधळ्यालाही दिसेल.” बोलून झाल्यावर त्यानं जीभ चावली.

“मग दिसेल,” खालचा म्हणाला.

रविवारी सकाळी शिपायानं खुर्ची आदल्या दिवसापेक्षा पुढे मांडली. खालच्याला खोडावर चढवायला दोघं लागले. वर उभा राहिल्यावर त्यानं पायानं खोड चाचपलं, रेघ सापडली, आणि मग तो मैदानाकडे, फाटकाकडे, शाळेच्या छपराकडे बघत राहिला.

“वरून बरंच दिसतं की,” तो म्हणाला.

“हो,” वरचा म्हणाला. “दिसतं.”

तो खड्ड्यात उतरला. कडा धरून उतरला, तरी शेवटच्या हातभर अंतरात घसरला आणि चेंडूवर बसला. शिपाई काहीतरी म्हणाला, ते खाली नीट ऐकू आलं नाही. खाली काहीच नीट ऐकू येत नव्हतं. मातीचा ओला वास होता आणि गारवा होता. डोक्यावर खोडाचं काळं पोट, दोन्ही बाजूंना आभाळाची एकेक चिंधी, आणि कडेला खालच्याच्या चपलांची टोकं. एका चपलेचा अंगठा नव्यानं शिवलेला होता. सव्वीस वर्षं इथून एवढंच दिसत असणार. वरच्यानं कोपर लावून खड्ड्याची भिंत चाचपली. दोन माणसं मावली असती, पण एकासाठीच खणलेला होता असं वाटत होतं.

करवत वरून आली. दात खाली, त्याच्याकडे तोंड करून. त्यानं मूठ धरली.

“धरली का?” वरून आवाज आला.

“धरली.”

“पाय फाकव. पाठीनं ओढ, हातानं नको. आणि तोंड मिटून ठेव. वर बघू नकोस.”

“मला शिकवू नकोस,” खालून वरचा म्हणाला. “सव्वीस वर्षं काढलीयत मी या कामात.”

वर चपलांची टोकं जरा सरकली. मग करवत अलगद वर गेली, चांगली उंच, आणि टोकाला जाऊन थांबली.

“हां,” खालचा म्हणाला.

वरच्यानं “हूं” म्हणायला तोंड उघडलं, वर बघितलं आणि ओढलं. पहिल्याच ओढीला भुसा त्याच्या उजव्या डोळ्यात गेला.